शेपटासकट इंग्रजी: रोजच्या मेलमधले शब्दप्रयोग बिनचूक कसे लिहावेत

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीला लागून मला महिनाही झाला नव्हता. इंग्लंडहून एका पार्टचं ड्रॉइंग आलं होतं आणि त्यातल्या एका भोकाचा टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल तो आकडा, मला नीट वाचता येईना. म्हणून मेल टाकला, ‘आय हॅव अ डाउट अबाउट द ड्रॉइंग.’ दुसऱ्या दिवशी चांगलं पानभर उत्तर आलं. तिकडच्या इंजिनिअरने सगळी मापं नव्याने तपासली होती, सगळी बरोबर निघाली होती आणि शेवटी त्याने जरा तुटकपणे विचारलं होतं की, नेमकं कोणतं माप तुम्हाला चुकीचं वाटतंय?

मला काहीच चुकीचं वाटत नव्हतं. मला एक आकडा विचारायचा होता. मराठीत ‘शंका’ दोन्हीकडे चालते. वर्गात हात वर करून विचारतो ती शंका, आणि दुधात पाणी घातलंय असं वाटतं तीही शंकाच. इंग्रजीतला ‘डाउट’ मात्र दुधातल्या पाण्याचा. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ एवढं लिहिलं असतं तर त्या माणसाचा अर्धा दिवस वाचला असता.

तेव्हापासून मी माझ्या मेलमधले असे ठरलेले शब्दप्रयोग तपासत आलोय. चूक बहुतेक वेळा मोठ्या शब्दात नसते, हे त्यातून कळलं. ती असते मागच्या चिमुकल्या शब्दात, म्हणजे ‘टू’, ‘बाय’, ‘ऑफ’, ‘विथ’ यांत. मराठीत हे काम प्रत्यय करतात आणि ते शब्दाला चिकटूनच येतात, त्यामुळे वेगळे आठवावे लागत नाहीत. इंग्रजीत ते सुटे असतात आणि सुटी गोष्ट हरवते. म्हणून माझा नियम एकच आहे: शब्दप्रयोग पाठ करायचा तर शेपटासकट.

पहिलं काम: आपलेच मेल काढा

‘शंभर कॉमन मिस्टेक्स’ छापाची यादी वाचायला घेऊ नका. त्यातल्या नव्वद तुम्ही करतच नसता. त्याऐवजी ‘सेंट’ फोल्डर उघडा, शेवटचे पंचवीस मेल काढा आणि जो तुकडा दोनदा-तीनदा आलाय तो वहीत उतरवा. माणूस रोजच्या कामात फार थोडे शब्दप्रयोग वापरतो. माझ्या वहीत जेमतेम वीस निघाले. तेवढे दुरुस्त झाले की ऐंशी टक्के काम झालं म्हणा. (ऐंशी हा आकडा अंदाजपंचे आहे, पण तुम्ही करून बघा.)

मेल उतरवताना लगेच दुरुस्त करत बसू नका. जसं लिहिलंय तसंच उतरवा. लाज वाटेल, वाटू द्या.

दुसरं काम: उलटं भाषांतर

आता वहीतल्या प्रत्येक तुकड्याचं शब्दाला शब्द मराठी करा. मराठी फारच गोड, घरच्यासारखं जमलं, तर तो तुकडा संशयित. म्हणजे तो बहुधा इंग्रजी नाहीच, इंग्रजी कपडे घातलेलं मराठी आहे. यात आपला दोष थोडा आहे. राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० मध्ये. त्याआधीच्या पिढ्यांना ते पाचवीत भेटलं, तोवर डोक्यात मराठी वाक्य पक्कं बसलेलं होतं आणि इंग्रजी आलं ते भाषांतराच्या वाटेने.

सगळ्यात जास्त घोळ घालतो आपला ‘पर्यंत’. ‘सोमवारपर्यंत थांबा’ आणि ‘सोमवारपर्यंत पाठवा’ यात मराठीला काहीच फरक दिसत नाही. इंग्रजीला दिसतो. थांबणं सोमवार येईतो चालूच राहणार, म्हणून ‘वेट टिल मंडे’. पाठवणं एकदाच होणार, सोमवारच्या आत कधीही, म्हणून ‘सेंड इट बाय मंडे’. ‘सेंड इट टिल मंडे’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस सोमवारपर्यंत तीच फाइल पुन्हा पुन्हा पाठवायला सांगतोय. कसोटी सोपी आहे. क्रिया ताणली जाते का? ताणली जात असेल तर ‘टिल’, एका फटक्यात होत असेल तर ‘बाय’.

त्याच घराण्यातला दुसरा म्हणजे ‘जोपर्यंत’. ‘जोपर्यंत तुम्ही कळवत नाही तोपर्यंत आम्ही काम सुरू करणार नाही.’ मराठीत दोन ‘नाही’ लागतातच, एक काढला तर वाक्य लंगडतं. हेच आपण उचलतो आणि लिहितो, ‘वी विल नॉट स्टार्ट अन्टिल यू डोन्ट कन्फर्म.’ इंग्रजीत ‘अन्टिल’च्या मागे तो नकार नको असतो. ‘वी विल नॉट स्टार्ट अन्टिल यू कन्फर्म’, बस. ‘अनलेस’चंही तेच. ‘अनलेस यू डोन्ट पे’ नव्हे, ‘अनलेस यू पे’. ही चूक मी चांगल्या वीस-वीस वर्षं इंग्रजीत पत्रव्यवहार करणाऱ्या लोकांच्या मेलमध्येही पाहिलीय, इतकी ती खोल आहे.

मग ‘पासून’. ‘२०१९ पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ आपल्याला सारखंच. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स २०१९’, आणि किती काळ ते मोजायचं तर ‘फॉर टू इयर्स’. क्रियापदही बदलतं. ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’मध्ये दोन्ही ठिकाणी मराठी डोकावतंय. बरोबर रूप: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.’

‘काल बिल पाठवलं आहे’ हे आपलं निर्दोष वाक्य. त्याचं ‘आय हॅव सेंट द बिल यस्टर्डे’ झालं की मात्र बिघडतं. ‘हॅव सेंट’ला संपून गेलेली वेळ शेजारी चालत नाही. काल, गेल्या आठवड्यात, मार्चमध्ये असं काही सांगायचं असेल तर ‘आय सेंट’. वेळ सांगायचीच नसेल तर ‘आय हॅव सेंट’. दोघांपैकी एकाला घरी बसवा.

बाकीचे भराभर सांगतो. ‘च्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरिड विथ’ येतं, हवं ‘मॅरिड टू’. ‘पेक्षा’ म्हणून ‘प्रिफर टी दॅन कॉफी’ येतं, हवं ‘प्रिफर टी टू कॉफी’. ‘माझा एक मित्र’ म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड’ येतं. पण ‘वन ऑफ’ म्हणजे ‘पैकी’, आणि पैकी म्हटलं की अनेक हवेत, म्हणून ‘फ्रेंड्स’. क्रियापद मात्र त्या एकाचंच: ‘वन ऑफ द बोल्ट्स इज लूज.’ आणि आपला लाडका ‘च’! ‘फाइल माझ्याकडेच आहे’चं ‘द फाइल इज विथ मी ओन्ली’. बोलताना ते गोड वाटतं, मला तर आवडतंही. पण लिहिताना काढा, कारण ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’, आणि ‘च’ म्हणजे दर वेळी ‘फक्त’ नसतं.

तिसरं काम: शेपूट तपासा

इथे एकाच प्रयोगाजवळ जरा बसू. मेलच्या शेवटी आपण लिहितो, ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’ चूक कुठे? ‘टू’च्या पुढे. शाळेत शिकलो की ‘टू’च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं: टू गो, टू ईट, टू हिअर. ते खरंच आहे, पण इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. एक क्रियापदाच्या पुढे लागतो तो. दुसरा ‘कडे’ सांगणारा, ‘आय गो टू पुणे’मधला. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ हा दुसरा आहे, आणि त्याच्या पुढे नाम लागतं किंवा नामासारखं वागणारं ‘इंग’वालं रूप. म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’.

कोणता ‘टू’ आहे हे ओळखायची युक्ती अशी: त्याच्या पुढे एखादं साधं नाम ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द मीटिंग’, बसतंय. मग क्रियापद आलं तर ‘इंग’ लावा. ‘आय वॉन्ट टू द मीटिंग’, बसत नाही. मग मूळ रूप. याच युक्तीने ‘युज्ड टू’चं कोडंही सुटतं. ‘आय अ‍ॅम युज्ड टू द नॉइज’ बसतं, म्हणून ‘आय अ‍ॅम युज्ड टू वर्किंग नाइट्स’, म्हणजे रात्रपाळीची सवय आहे. आणि ‘आय युज्ड टू वर्क नाइट्स’ म्हणजे पूर्वी रात्रपाळी करायचो, आता नाही. मुलाखतीआधी पाठवायच्या अर्जात हे उलटसुलट झालं तर काय होईल, तुम्हीच बघा.

काही शब्दांना उलट शेपूटच नसतं आणि आपण ते लावतो. ‘डिस्कस अबाउट’, ‘रिक्वेस्ट फॉर’, ‘एम्फसाइज ऑन’, ‘ऑर्डर फॉर’. एक तर ‘विषयी चर्चा’ डोक्यात असते. शिवाय दुसरं कारण खुद्द इंग्रजीतच आहे: हाच शब्द नाम म्हणून आला की त्याला शेपूट असतं. ‘अ डिस्कशन अबाउट प्राइस’ बरोबर, पण ‘वी डिस्कस्ड द प्राइस’. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ बरोबर, पण ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’. नामाला शेपूट, क्रियापद बांडं. हे एवढं वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा.

‘डिस्पाइट ऑफ’मध्ये ‘ऑफ’ नको, ‘इन स्पाइट ऑफ’मध्ये हवा. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ उपरा आहे. ‘रिटर्न बॅक’, ‘रिप्लाय बॅक’ यांत ‘बॅक’ दोनदा सांगितल्यासारखा. ‘विथ रिगार्ड टू’ला शेवटी ‘स’ नाही. ‘स’ लागला की ते रिगार्ड्स, म्हणजे नमस्कार-चमत्कार.

चौथं काम: वाचणारा कुठला, ते बघा

इथे माझं मत जरा वेगळं आहे. ‘डू द नीडफुल’ लिहिणाऱ्याला हसायची एक पद्धत पडलीय, ती मला मान्य नाही. तो प्रयोग आपण घडवलेला नाही, इंग्रजांच्याच कारभारी भाषेतला आहे. तिकडे तो मागे पडला, इकडे टिकला. ‘प्रीपोन’ तर थेट शब्दकोशात आहे, ‘भारतीय इंग्रजी’ अशा शिक्क्यासह. ‘पोस्टपोन’ असेल तर उलटा शब्द हवाच की! नागपूरच्या ऑफिसातून पुण्याच्या ऑफिसात मेल जातोय तर खुशाल ‘मीटिंग प्रीपोन झाली’ लिहा.

पण तोच मेल मँचेस्टरला किंवा टेक्सासला जाणार असेल तर सांभाळा. ‘प्रीपोन’ऐवजी ‘मूव्ह अप’ किंवा ‘ब्रिंग फॉरवर्ड’. ‘आउट ऑफ स्टेशन’ऐवजी ‘आउट ऑफ टाउन’. आपलं ‘स्टेशन’ म्हणजे इंग्रजी अमलातलं साहेबाच्या नेमणुकीचं ठिकाण, ‘हिल स्टेशन’मध्ये उरलंय ते. परदेशी माणूस रेल्वे स्टेशन शोधत बसेल. ‘आय पास्ड आउट इन २०१५’ तर अजिबात नको. तिकडे ‘पास आउट’ होणं म्हणजे शुद्ध हरपणं, त्यामुळे २०१५ साली तुम्ही चक्कर येऊन पडलात असा अर्थ निघतो. ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१५’ लिहा. ‘रिव्हर्ट’ म्हणजे मुळात पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. ‘प्लीज रिव्हर्ट’ वाचून एखाद्याने फाइलचं जुनं रूप परत आणलं तर त्याचा दोष नाही. ‘प्लीज रिप्लाय’ एवढं पुरतं.

यांतला सगळ्यात छुपा म्हणजे ‘अ‍ॅट द अर्लिएस्ट’. आपण लिहितो, ‘वी विल डिलिव्हर ऑन थर्सडे अ‍ॅट द अर्लिएस्ट’, आणि मनात असतं, लवकरात लवकर, गुरुवारी नक्की. इंग्रज वाचतो, गुरुवारच्या आधी तर नाहीच, पुढे कधीही. गंमत म्हणजे आपल्या ‘लवकरात लवकर’मध्येही हे दोन्ही अर्थ आहेत. ‘लवकरात लवकर पाठवा’ आणि ‘लवकरात लवकर म्हटलं तरी गुरुवार उजाडेल’. आपण पहिला घेऊन लिहितो, तो दुसरा घेऊन वाचतो. तारीख द्यायची असेल तर ‘बाय थर्सडे’, घाई करायची असेल तर ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’.

आणि असा घोळ फक्त आपलाच नसतो. मीटिंगमध्ये एखादा प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं आणि अमेरिकेत बाजूला ठेवणं. दोन्ही देशांचे लोक एका कॉलवर असतील तर तो शब्द टाळलेलाच बरा. रकमेचंही बघा: लाख-कोटी बाहेर कळत नाहीत. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन.

कानाने लिहिलेले शब्द

वाक्प्रचार ऐकून शिकलो की स्पेलिंग अंदाजाने लिहिलं जातं. देवनागरीत ते दिसतही नाही, म्हणून अर्थानेच सांगतो. कुणाला ‘फ्री रेन’ देणं यातला ‘रेन’ पावसाचा नाही, राजाच्या राजवटीचाही नाही. तो घोड्याचा लगाम आहे, सैल सोडलेला. ‘टो द लाइन’मधला ‘टो’ पायाच्या बोटाचा, बंद पडलेली गाडी ओढायचा नव्हे. शर्यतीला उभं राहताना बोट रेषेला टेकवतात, तसं शिस्तीत उभं राहणं. उत्सुकता ‘पीक’ करणं यातला शब्द डोंगराच्या शिखराचा नाही आणि फटीतून डोकावण्याचाही नाही. तो फ्रेंचमधून आलेला, डिवचणं या अर्थाचा, क्यूवालं स्पेलिंग असलेला तिसराच. (चौथं पीक आपलं शेतातलं.) अर्थातलं चित्र एकदा दिसलं की स्पेलिंग चुकत नाही, म्हणून कोशात नुसतं स्पेलिंग बघू नका, शब्द कुठून आला तेही वाचा.

इंग्रजी मातृभाषा असलेले लोक ‘कुड हॅव’चं ‘कुड ऑफ’ करतात. आपण ती चूक सहसा करत नाही, कारण आपण ते कानाने नाही, डोळ्यांनी शिकलो. तेवढंच समाधान.

शोधायचं कसं

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचेही इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. नेहमीच्या मोठ्या कोशापेक्षा आपल्याला हेच उपयोगी, कारण त्यांत शेपूट छापलेलं असतं. ‘लुक’ उघडा, खाली ‘लुक फॉरवर्ड टू’ वेगळं दिलेलं दिसेल, आणि पुढे ‘समथिंग’ किंवा ‘डूइंग समथिंग’ असा नमुना. तो नमुना हेच सोनं. त्यात ‘डूइंग’ दिसलं की ‘इंग’ लावायचं, ‘टू डू’ दिसलं की मूळ रूप. शोधताना मोठ्या शब्दाखाली शोधा, ‘टू’ किंवा ‘फॉर’खाली गेलात तर जंगलात शिराल.

गूगलवर शोधताना पूर्ण तुकडा अवतरणचिन्हांत घाला, म्हणजे नेमका तोच तुकडा मिळतो. मधला शब्द आठवत नसेल तर तिथे तारांकन टाका. पण निकालांच्या संख्येवर भरवसा ठेवू नका, ती अंदाजी असते आणि चुकीचे प्रयोगही लाखांनी सापडतात. कोण लिहितंय ते बघा. वर्तमानपत्रं आणि विद्यापीठं लिहितात का, की सगळी पानं आपल्यासारख्याच लोकांची आहेत? छापील पुस्तकांत एखादा प्रयोग किती येतो ते गूगलच्या एनग्रॅम व्ह्यूअरमध्ये दिसतं, आणि तिथे ब्रिटिश व अमेरिकन पुस्तकं वेगळी निवडता येतात. चौथ्या कामाला ते फार कामाचं.

व्याकरण तपासणारी सॉफ्टवेअर वापरा, पण त्यांना तुमच्या मनातलं कळत नाही. ‘आय हॅव अ डाउट’खाली लाल रेघ येत नाही. व्याकरण शुद्धच आहे ना!

सापडलेला प्रयोग वहीत लिहिताना सुटा लिहू नका. आपल्या कामातल्या पूर्ण वाक्यात लिहा, बोल्ट, बिल, रजा, जे तुमचं असेल त्यात.

एक मेल, आधी आणि नंतर

मागच्या वर्षी एका नव्या मुलाने इंग्लंडच्या ग्राहकासाठी लिहिलेला मसुदा माझ्याकडे आला. थोडा बदलून देतो: ‘रिस्पेक्टेड सर, विथ रिगार्ड्स टू युवर मेल, वी हॅव डिस्पॅच्ड द सॅम्पल्स यस्टर्डे. वन ऑफ द सॅम्पल इज हॅविंग अ स्मॉल स्क्रॅच. प्लीज काइंडली चेक द सेम अँड रिव्हर्ट बॅक टिल फ्रायडे.’

आम्ही दोघांनी बसून तो असा केला: ‘वी डिस्पॅच्ड द सॅम्पल्स यस्टर्डे. वन ऑफ देम हॅज अ स्मॉल स्क्रॅच. कुड यू काइंडली चेक इट अँड लेट अस नो बाय फ्रायडे?’

‘रिस्पेक्टेड सर’च्या जागी ‘डिअर’ आणि आडनाव आलं. नाव घेतलं म्हणून शेवटी ‘युवर्स सिन्सिअरली’. नुसतं ‘डिअर सर’ असतं तर ब्रिटिश रिवाजाने ‘युवर्स फेथफुली’ आलं असतं. ‘विथ रिगार्ड्स’ अख्खं उडालं, कारण मेलच्या विषयातच ते होतं. ‘हॅविंग’ गेलं, ओरखडा काही चालू क्रिया नाही. ‘द सेम’ कोर्टाच्या कागदात शोभतं, आणि शिवाय ते सगळ्या सॅम्पल्सना लागू होतं की एकाला, हेच कळत नव्हतं. विचारल्यावर तो म्हणाला, ‘ओरखड्याचंच हो, बाकीचे चकाचक आहेत,’ म्हणून ‘इट’ झालं. ‘प्लीज’ आणि ‘काइंडली’ यांतला एक जायला हवा होता. मी ‘काइंडली’वर बोट ठेवलं, तर पोरगा म्हणाला, ‘सर, तो राहू द्या, मोठे साहेब सीसीत आहेत.’ मग ‘प्लीज’ गेला.